आकडा आधी, कॅमेरा नंतर

कुठला कॅमेरा घ्यायचा हे ठरायच्या कितीतरी आधी पैशांचा आकडा ठरला होता. वहीच्या शेवटच्या पानावर तो लिहिला, त्याभोवती चौकोन काढला आणि स्वतःला बजावलं, की बॉडी, लेन्स, कार्ड, जादा बॅटरी, पिशवी सगळं या चौकोनात बसलं पाहिजे. मावसभावाला हे सांगितलं. त्याला मी दादा म्हणते आणि आमच्यात खरे फोटो काढणारा तोच. तो म्हणाला, "थोडा वाढव गं आकडा. घ्यायचाच तर एकदाच चांगला घे." पुढच्या दोन महिन्यांत हेच वाक्य मला निदान सहा जणांनी ऐकवलं. प्रत्येकाचं 'थोडा' वेगळं होतं.

मला कॅमेरा हवा होता तो फिरताना न्यायला. फोनवर मी नाखूश नव्हते. भर उजेडात फोन उत्तम फोटो काढतो, हे मान्यच आहे. पण दोन ठिकाणी तो मला सतत निराश करत होता. एक, जुन्या वास्तूंच्या आतला अंधार. तिथे फोन सावल्या उजळून असं काही दाखवायचा, की मी पाहिलेली जागा हीच का, असा प्रश्न पडावा. दुसरं म्हणजे पाणथळ जागी दिसणारे पक्षी. झूम करत गेलं की पक्ष्याचा रंगाचा डाग व्हायचा.

मग वाचन सुरू झालं. तीन आठवडे मी फक्त तुलनेचे तक्ते वाचले, आणि आता वाटतं, ते तीन आठवडे वाया गेले. एका बाजूला २४ मेगापिक्सेल, दुसऱ्या बाजूला १८. २४ म्हणजे किती भारी! एका रात्री कागदावर गुणाकार केला तेव्हा डोळे उघडले. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदीला ६००० ठिपके, १८ चा ५१८४. म्हणजे रुंदीत जेमतेम १६ टक्क्यांचा फरक. आणि हे दोन्ही फोटो मी बघणार कुठे, तर फोनवर नाहीतर टीव्हीवर. चार-के टीव्हीसुद्धा रुंदीला ३८४० ठिपक्यांवर थांबतो. त्या रात्री मेगापिक्सेलचा रकाना मी खोडून टाकला.

दुसरा प्रश्न, "आता डीएसएलआर कोण घेतं?" डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत तो आरसा नसतो. हे ऐकून मीही क्षणभर डळमळले. खोटं काही नव्हतं त्यात. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये आपापले फुल फ्रेम (म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा असलेले) मिररलेस आणले, आणि २०२० नंतर दोघांचाही नवा डीएसएलआर आलेला नाही. पण माझ्या चौकोनातल्या आकड्याकडे पाहिलं की हीच गोष्ट उलटी दिसायची. लोक मिररलेसकडे जातायत, म्हणजे त्यांच्या कपाटातले चांगले, कमी वापरलेले डीएसएलआर बाहेर येतायत. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स अडकते ती जोडणी, १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. एवढ्या वर्षांत बनलेल्या लेन्स काही रातोरात नाहीशा होणार नव्हत्या. नव्या मिररलेसला माझा अख्खा आकडा लागत होता, आणि वर लेन्सला पैसा उरत नव्हता. शिवाय डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, आपण आरशावरून आलेला खरा उजेड बघतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्यामुळे एका चार्जिंगवर फोटो खूप जास्त निघतात. रात्री चार्जिंगचा पॉइंट कुठे मिळेल याचा भरवसा नसलेल्या माणसाला हे फार मोलाचं.

दादा तेवढ्यात एक शहाणपणाची गोष्ट बोलला. "वाचत बसू नकोस. माझा कॅमेरा ने दोन दिवस." त्याचा निकॉन डी ७२००, त्यावर १८-१४० ची, म्हणजे १८ ते १४० मिलीमीटरपर्यंत झूम होणारी लेन्स. मी हरखून गेले. पहिल्या दिवशी सकाळी गळ्यात अडकवला तेव्हा आपण फारच कुणीतरी आहोत असं वाटलं. दुपारपर्यंत मान अवघडली. संध्याकाळी, म्हणजे उजेड सगळ्यात सुंदर असतो त्या वेळी, कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत होता आणि मी फोनने फोटो काढत होते. बॉडी ७६५ ग्रॅम, लेन्स ४९० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो. तक्त्यात वजनाचा रकाना सगळ्यात खाली असतो. माझ्या यादीत तो त्या संध्याकाळी सगळ्यात वर आला.

त्या दोन दिवसांचा खरा उपयोग घरी आल्यावर झाला. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कुठल्या फोकल लेंग्थवर, किती अ‍ॅपर्चरवर, किती आयएसओवर काढला हे नोंदलेलं असतं. फोकल लेंग्थ म्हणजे लेन्सचं मिलीमीटरमधलं माप, आकडा लहान तेवढं दृश्य रुंद. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं ते मोठं आणि उजेड जास्त. आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटो दाणेदार होतो. मी सगळे फोटो त्या क्रमाने लावले. मला वाटत होतं, मी सतत लांबचं ओढून घेते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त फोटो १८ ते ३५ च्या मधले निघाले. १४० वर काढलेले मोजकेच, आणि त्यांतले बरेच हललेले. अंधाऱ्या जागांतले सगळे फोटो आयएसओ ६४०० वर, दाणेदार. म्हणजे मला झूमपेक्षा उजेड जास्त हवा होता, आणि हे मला कुठल्याही तक्त्याने सांगितलं नसतं. वहीत चौकोनाखाली लिहिलं: 'हलका. रुंद. अंधारात चालणारा.' पक्षी मी मुद्दाम लिहिले नाहीत, कारण पक्ष्यांची लेन्स आली की चौकोन फुटतो.

आता नावं कमी झाली. कॅननचा २०० डी, २०१७ चा. स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते, स्क्रीनवर बोट ठेवलं की तिथे चटकन फोकस होतो, वजन साधारण साडेचारशे ग्रॅम. निकॉनची डी ३००० मालिका: डी ३३००, डी ३४००, डी ३५००. पेन्टॅक्सवर माझा जीव जडला होता, कारण हात हलला तर तो सावरायची सोय त्यांच्या बॉडीतच असते, कुठलीही जुनी लेन्स लावा. पण माझ्या आवाक्यात त्याच्या सेकंडहँड लेन्स सापडेनात, आणि बॉडी घेऊन लेन्सच्या मागे धावण्यात अर्थ नव्हता.

दुकानात जाऊन हातात धरून पाहणं हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. माझा हात लहान, डोळ्यांना चष्मा. स्वस्त डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये काचेच्या लोलकाऐवजी आरसे असतात, त्यामुळे बघताना बोगद्याच्या टोकाकडे पाहतोय असं थोडंसं वाटतं. त्यातून चित्राचा ९५ टक्केच भाग दिसतो, म्हणजे कडेला जे दिसलं नाही ते फोटोत येतंच. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं, ते फिरवून आपल्या नंबराला जुळवता येतं. हे चाक मला दुकानात कळलं. तोपर्यंत मी दादाच्या कॅमेऱ्यातून दोन दिवस धूसर बघत होते आणि त्याच्या लेन्सला मनातल्या मनात नावं ठेवत होते.

२०० डी हातात छान बसला. खरं सांगायचं तर तोच घ्यावासा वाटला. पण मी डोळ्याला लावून फोटो काढणारी, स्क्रीनवर बघून नाही, आणि त्याचे निम्मे पैसे त्या स्क्रीनचेच आहेत असं मला वाटत राहिलं. (हा हिशेब चुकीचाही असेल. व्हिडिओ काढणाऱ्याने माझं ऐकू नये.) निकॉनच्या तिघांमध्ये एक गंमत निघाली. नवा तो चांगला, असं मी धरून चालले होते. डी ३४०० आणि डी ३५०० ची बॅटरी जास्त टिकते, डी ३३०० च्या ७०० फोटोंपुढे डी ३५०० चे १५५० हा कंपनीचा मोजलेला आकडा आहे. फोनला ब्लूटूथने जोडताही येतात. पण सेन्सरवरची धूळ थरथरवून झटकणारी सोय डी ३३०० मध्ये होती, पुढच्या दोघांत ती काढून टाकली. माइक लावायचं भोकही गेलं. धुळीच्या रस्त्यावर उघड्यावर लेन्स बदलणाऱ्याला ब्लूटूथ हवं की झटकणी? मी २०१४ चा जुना डी ३३०० धरला. जादा बॅटरी विकत घेता येते.

सेकंडहँड घ्यायचं ठरलं तसे दादाने मला धडे दिले. पहिला कॅमेरा बघायला गेले ते या धड्यांच्या जोरावर. विकणारा माणूस बोलायला गोड, कॅमेरा चकाचक पुसलेला. मी लेन्स काढली, दोन्ही झाकणं काढून फोनचा टॉर्च एका बाजूने मारला आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावला. आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. मी दाखवली तर म्हणाला, "ताई, फोटोत नाही दिसत हे." आज नसेल दिसत. पण बुरशी वाढत जाते, आणि काचेवरचा थर खाल्ला गेला की साफ करूनही डाग राहतो. मी चहा न घेताच निघाले. धूळ आणि बुरशी यांत मी आधी फरक करत नव्हते. लेन्समधले धुळीचे दोन-चार कण कुणाच्याही लेन्समध्ये सापडतील, त्यांनी काही बिघडत नाही.

दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळी एक काका भेटले. लेकाने घेतला होता, तो आता परगावी, कॅमेरा कपाटात. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते तसं सरळ सांगत होते. मी माझं कार्ड घालून एक फोटो काढला आणि फाइलमधली छुपी माहिती वाचली. निकॉन प्रत्येक फोटोत शटर आजवर किती वेळा उघडलं ते लिहून ठेवतो. आकडा नऊ हजारांच्या आसपास होता. या वर्गातलं शटर लाखभर वेळा उघडेल असं धरतात, म्हणजे कॅमेरा जवळपास कोराच. मग अ‍ॅपर्चर २२ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो, मुद्दाम फोकस बिघडवून. एवढ्या बारीक छिद्रातून सेन्सरवरचा कण न कण काळा ठिपका होऊन दिसतो. पाच ठिपके निघाले. धूळ झटकण्याची सोय दोनदा चालवली, तीन उरले. उरलेले फुंकणीने जातील असं दादा फोनवरून म्हणाला. वर फ्लॅश लावायच्या खाचेवर ओरखडे नव्हते, म्हणजे धंद्याच्या कामाला वापरलेला नाही. स्क्रूंची डोकी झिजलेली नव्हती, म्हणजे कुणी उघडलेला नाही. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवली, ती फुगलेली असती तर भोवऱ्यासारखी फिरली असती. फिरली नाही. सोबत १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी, बिनबुरशीची. काका म्हणाले, "एवढं तपासतेस, मग चांगला वापरशील." घासाघीस करायची मी तयारी करून गेले होते, ती तशीच राहिली.

चौकोनातले अर्ध्याहून थोडे जास्त पैसे गेले होते. उरलेल्यातून अंधाराची लेन्स घ्यायची, आणि इथे मी गाढवपणा केला.

एवढा अभ्यास झाल्यावर माणसाला वाटतं, आता आपल्याला कळतं. ५० मिलीमीटर, एफ १.८, जुनी डी प्रकारची लेन्स फारच स्वस्तात मिळत होती. काच स्वच्छ, बुरशी नाही, टॉर्च मारून बघितलेलं. घेतली. घरी येऊन लावली तर पडद्यावर आधी एफ-ई-ई अशी तीन अक्षरं. या लेन्सवर अ‍ॅपर्चरचं कडं असतं, ते २२ वर फिरवून तिथेच कुलूपबंद करावं लागतं, हे तासाभराने कळलं. ते केलं. बटण अर्धं दाबलं. काहीच नाही. ना आवाज, ना हालचाल. कॅमेरा बिघडला म्हणून पोटात गोळा आला. दादाला फोन केला, तो आधी मनसोक्त हसला. जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती बॉडीतल्या मोटरवर चालते, बॉडी एक बारीक दांडा फिरवते आणि लेन्स पुढेमागे होते. दादाच्या डी ७२०० मध्ये ती मोटर आहे. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांत नाही, त्यामुळे त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी अशी अक्षरं असलेली, आतच मोटर असलेली लेन्स लागते. त्यातही एएफ-पी लेन्स काही जुन्या बॉडींवर फोकस करतच नाहीत, डी ३२०० त्यातलाच. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच, तिकडे हा घोळ नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं, बरं का. वाचलेलं आणि कळलेलं यांत एका लेन्सएवढं अंतर होतं.

हाताने फोकस करता येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये एक हिरवा ठिपका असतो, फोकस जुळला की तो स्थिर होतो. आठवडाभर मी त्या ठिपक्याशी झुंजले. उभ्या दगडी खांबाला तो लागायचा, चालत्या माणसाला कधीच नाही. शेवटी दादाने ती लेन्स मी घेतलेल्या किमतीलाच माझ्याकडून उचलली. मला वाटतं त्याला ती आधीपासून हवीच होती.

मग ३५ मिलीमीटर, एफ १.८, एएफ-एस, २०० ग्रॅम. सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने दीडने गुणायचं, म्हणजे ती साधारण साडेबावन्नसारखी दिसते, डोळ्यांना जेवढं जवळ वाटतं तेवढंच. ५० ची लेन्स या बॉडीवर ७५ सारखी झाली असती, आणि खोलीच्या आत भिंतीला पाठ लागेस्तोवर मागे सरकावं लागलं असतं. म्हणजे माझी चुकीची लेन्स मोटरच्या आधी मापानेच चुकीची होती. आणि उजेडाचा हिशेब असा: किट लेन्स ३५ च्या जवळपास फार तर एफ ४.५ ला उघडते. ४.५ ला १.८ ने भागा, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा, सव्वासहा. सव्वासहा पट उजेड. आयएसओ ६४०० लागत होता तिथे साधारण हजारावर काम होतं. किट लेन्समध्ये कंप सावरायची सोय आहे आणि ती दगडी भिंतीसाठी पुरते, पण त्याच भिंतीपुढून माणूस चालत गेला की तो हलतोच. आपला हात सावरला म्हणून त्याचे पाय थांबत नाहीत.

उरलेल्यात कार्ड घेतली, एक मोठं न घेता दोन मध्यम, म्हणजे एक बिघडलं तर निम्मा प्रवास तरी वाचेल. एक जादा बॅटरी. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, बांधलेल्या सामानात चालत नाहीत, हे ठाऊक होतं म्हणून एक मनस्ताप वाचला. कॅमेऱ्याची म्हणून मिळते ती पिशवी घेतली नाही. रोजच्याच पिशवीत जाड रुमालात गुंडाळून ठेवते, आणि पावसासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. बॉडीला पाण्यापासून काही संरक्षण नाही, त्यामुळे पाऊस आला की मी कॅमेऱ्याच्या बाजूची होते, फोटोच्या नाही.

पहिल्या प्रवासाला निघताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवलं. बॉडी बॅटरी-कार्डासकट ४६० ग्रॅम, किट लेन्स १९५, पस्तीसची २००. म्हणजे ८५५. दादाच्या जोडीपेक्षा बरोब्बर चारशे ग्रॅम कमी, आणि लेन्स मात्र दोन. पाच दिवसांत कॅमेरा एकदाही दिवसभर पिशवीत राहिला नाही. अंधाऱ्या दालनांत मी पस्तीसची लावून सावकाश फिरले. एका खिडकीतून तिरका उजेड येत होता, त्यात एक बाई जमीन झाडत होती आणि धूळ उठत होती. आयएसओ ८००. फोनने हा फोटो काढला असता तर तिच्यामागची अंधारी भिंत उजळून टाकली असती. इथे ती काळीच राहिली.

तक्रारीही आहेत. एकच चाक असल्याने मॅन्युअलवर अ‍ॅपर्चर बदलायचं तर एका बोटाने बटण दाबून धरून दुसऱ्या बोटाने चाक फिरवायचं. घाईत शटर स्पीडच बदलतो. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो आपोआप काढायची सोय नाही. आणि ते ९५ टक्के! जवळजवळ प्रत्येक चौथ्या फोटोच्या कडेला कुणाचा तरी कोपर आहे, जो मला काढताना दिसलाच नव्हता.

परत आल्यावर सवयीने सगळे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावले. ५५ वर, म्हणजे किट लेन्सच्या टोकाला जाऊन काढलेले बावीस निघाले. ते एकेक उघडून बघितले, की यात मला खरंच आणखी पुढे जायचं होतं का. सतरांत नव्हतं, दोन पावलं चालले असते तर भागलं असतं. उरलेले पाचही पक्षी. दादाने लगेच ५५-२०० च्या लेन्सचं नाव काढलं, ३०० ग्रॅम, सेकंडहँड मिळते, फार नाही. मी वही उघडली. चौकोनात थोडे पैसे शिल्लक होते, पण तेवढे नव्हते. पाचांपैकी एक फोटो मी शंभर टक्के मोठा करून बराच वेळ बघितला. चोच आहे, लांब पाय आहेत, पाण्यात सावली आहे. पक्षी कुठला ते अजून ठरत नाही.